भिंगरीची पिल्लं

भिंगरीच्या हनुवटीवर काहीतरी पांढरं दिसलं तेव्हा बेबीताईला आधी वाटलं, प्लास्टर असेल. रविवारी सकाळी गॅलरीत जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि कुत्रीचे केस विंचरायचे, हा तिचा ठरलेला उद्योग. हाताला, बाहीला, कधी चष्म्याच्या दांडीलासुद्धा प्लास्टर लागलेलं असायचंच. जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईच्या अंगावर दुसरं काय असणार? म्हणून तिने अंगठा ओला करून ते पुसलं. गेलं नाही. पुन्हा पुसलं. भिंगरीने मान मागे घेतली आणि हे काय नवीन खूळ, अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं. बेबीताईने चष्मा कपाळावर चढवला आणि नाकाला नाक लागेल इतकी ती खाली वाकली. केस होता. मुळापासून पांढरा, तांबूस केसांच्या दाटीत ऐटीत उभा. त्याच्या शेजारी आणखी एक. ती घाबरली. एवढ्याशा केसाला घाबरल्याची तिला लाजही वाटली, पण घाबरली हे खरं.

"अहो, हिला पांढरा केस आलाय," ती म्हणाली.

नवरा आत पाय पसरून बसला होता. आठवडाभर लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू करत हिंडणारा माणूस रविवारी पाणी प्यायलासुद्धा उठत नसे. "मला डोकंभर आलेत," तो म्हणाला. "त्याचं कधी एवढं मनावर घेतलं नाहीस."

ती हसली. तो काहीही बोलला तरी तिला हसू यायचं, लग्न त्याच आधारावर टिकलं होतं. पण कंगवा हातातच राहिला. आणि गेलं वर्षभर मनात घोळणारी गोष्ट पुन्हा तशीच्या तशी समोर आली. तिला विचार म्हणणंही कठीण होतं. ते एक चित्र होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पायपुसण्यावर एक पिल्लू झोपलेलं. हाच गंजासारखा तांबूस रंग, गळ्याखाली हाच पांढरा ठिपका, आणि झोपेत डावा कान असाच उलटा होऊन आतली गुलाबी बाजू वर आलेली. बसची वाट पाहताना, मेणात दात बसवताना, कधी कुणाशी बोलता बोलतासुद्धा ते चित्र यायचं आणि तिला एकदम हायसं वाटायचं. घरात ते असलं की मग काही होणार नाही, असं काहीसं. काय होणार नाही, हे ती स्वतःला विचारत नसे.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला स्पष्टच सांगितलं होतं. "पिल्लं हवी असतील तर आता ठरवा. पहिलटकरणीला उशीर झालेला चांगला नाही. नको असतील तर ऑपरेशन करून टाका, नाहीतर पुढे गर्भाशयाची दुखणी लागतात. मध्येच लटकवून ठेवू नका." मध्येच लटकवून ठेवणं हा बेबीताईचा स्वभाव होता. पन्नाशी उलटली तरी ती सगळ्यांची बेबीच राहिली होती, कारण घरातले मोठे निर्णय नेहमी दुसऱ्या कुणीतरी घेतले होते. मुलगा शिकायला दूर गेला तो त्याने ठरवलं म्हणून. आईला शेवटी दवाखान्यात ठेवायचं की घरी, ते भावाने ठरवलं. आता हे एक मात्र तिच्यावर येऊन पडलं होतं, आणि भिंगरी पुढच्या दीडदोन महिन्यांत माजावर येणार होती.

सल्ला देणाऱ्यांची कमतरता नव्हती. नणंद यायची ती भिंगरीचं तोंड दोन्ही हातांत धरून गळाच काढायची. "एकदा तरी आई होऊ द्या हो हिला, वहिनी. तिचाही बाईचाच जन्म आहे."

"तिने सांगितलं का तुला तसं?" नवरा म्हणायचा.

"सांगायला कशाला हवं? डोळ्यांत दिसतं."

"तिच्या डोळ्यांत बिस्किट दिसतं. तुझ्या हातातलं."

त्यावर बहीण-भावांची जुंपायची. बेबीताई गप्प राहायची, कारण आतून तिला नणंदेचं म्हणणं सोयीचं होतं. भिंगरीच्या भल्यासाठी म्हणून केलं, असं म्हणता आलं असतं. पण एवढाही आधार राहिला नाही. रविवारचा तो केस पाहिल्यावर ती दुसऱ्याच दिवशी कामावरून सुटून भिंगरीला घेऊन दवाखान्यात गेली आणि नणंदेचंच वाक्य घरून पाठ करून आल्यासारखं बोलली, तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या. "आई व्हायचं राहून गेलं, असं कुत्रीला काही वाटत नसतं हो. हौस तुमची, बाळंतपण तिचं. हौसेला माझी ना नाही. पण मग नीट करू या." आणि मग त्या भिंगरीच्या मागच्या पायांचे सांधे चाचपत सांगत गेल्या. खुब्यांचा एक्स-रे काढायचा. डोळे तपासायचे, या जातीत डोळ्यांचा दोष घराण्यातून येतो. रक्त तपासायला पाठवायचं. हिची भावंडं कुठे आहेत, कशी आहेत, त्याची चौकशी करायची. "आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरं किती आहेत तुमच्याकडे?"

"घरं?"

"पिल्लांना. सहा होतील, सात होतील. आमच्याकडे एका कुत्रीला नऊ झाली."

बेबीताईला तोंडात मारल्यासारखं झालं. तिला काय ठाऊक नव्हतं कुत्रीला किती पिल्लं होतात? शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण वर्षभर मनात बाळगलेल्या त्या चित्रात पिल्लू नेहमी एकच होतं. पायपुसणं एक आणि त्यावर पिल्लू एक. बाकीची सहा तिने जन्मालाच घातली नव्हती. घरी येताना भिंगरी प्रत्येक खांबाशी थांबत होती आणि बेबीताईही तिच्याबरोबर थांबत होती, एरवी ओढून नेत असे तशी तिने त्या दिवशी ओढली नाही.

कामावर गेल्यावर मात्र जिवाला जरा स्वस्थता मिळाली. लॅबमध्ये तिच्या टेबलापुढे खिडकी होती, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडांची मापं यायची. त्यांत प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की साचा सोडवायचा, मेणाच्या हिरड्या घडवायच्या, एकेक दात तापल्या सुरीने बसवायचा. त्या पांढऱ्या जबड्यांवरून तिला माणसं कळायची. हा रात्री दात खातो, ही एकाच बाजूने चावते, या म्हाताऱ्याने पुढचे दोन दात फार लवकर गमावले. साचा हातात असला की माणूस पुन्हा करता येतो, असा तिचा एक विश्वास बसून गेला होता. कुणी कवळी हरवली, फोडली, की ती फळीवरून जुना साचा काढायची. मनात पिल्लाचं चित्र आलं तेही याच वाटेने आलं असावं. भिंगरी आहे तोवर तिच्यातून एक काढून घ्यायचं. नंतर मग साचाच राहत नाही.

आईच्या वेळी तिने तेच तर केलं होतं. आईची शेवटची कवळी बेबीताईनेच बनवली होती. बसवल्यावर आई आरशात बघून म्हणाली होती, "बेबी, अगं मी तर लग्नातल्यासारखी दिसायला लागले. आता नवरा कुठून आणू?" त्या कवळीने आई पुरतं वर्षसुद्धा जेवली नाही. ती गेल्यावर बेबीताई रडली नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. ती खंबीर वगैरे काही नव्हती, तिला फक्त कशाचीच चव लागत नव्हती. आणि एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, तिने फळीवरून आईचा साचा काढला आणि नवी कवळी करायला घेतली. कुणासाठी, हा प्रश्न तिने जवळपास फिरकू दिला नाही. आठवडाभर ती दुपारी उपाशी राहून ते काम करत होती, आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाचं केलं नसेल इतकं झटून. घासून, चकचकीत करून ती कवळी तिने घरी आणली, टेबलावर ठेवली आणि समोर बसली. हुबेहूब आईचे दात. आणि त्यांच्याभोवती आई नाही. अंगावर काटा आला, पण उठवेना. तेवढ्यात भिंगरी आली. तेव्हा ती अर्धवट वयाची, हाडकुळी, कुणाचं न ऐकणारी. घरात जेमतेम रुळलेली. तिने पुढचे पाय खुर्चीवर टेकले, कवळी उचलली आणि धूम ठोकली. पलंगाखालून ती बाहेर आली तेव्हा कवळी तोंडात आडवी बसली होती आणि दोन्ही ओठांमधून आईचं लग्नातलं हसू बाहेर आलं होतं. आईच्या हसण्याने हसणारी लांब कानांची कुत्री. बेबीताई जमिनीवर बसली आणि हसत सुटली. हसून हसून पुरेवाट झाली, पोट दुखायला लागलं, आणि ते हसणं मग रडणं झालं आणि पुन्हा हसणं. भिंगरी तिच्या मांडीवर येऊन बसली, कवळी कुरतडत. त्या दिवशी संध्याकाळी बेबीताईने दोन वेळा वाढून घेतलं. तेव्हापासून भिंगरी तिला जे काय झाली होती त्याला घरातलं कुठलंच नातं पुरत नव्हतं. लेक म्हणावं तर तिचं ऐकत नव्हती, आणि मैत्रीण म्हणावं तर तिच्या चपला खात होती.

भिंगरीला ज्यांच्याकडून आणलं होतं त्या मावशींनी आता कुत्री ठेवणं सोडलं होतं, पण फोनवर आठवून आठवून त्यांनी एका भावाचा पत्ता दिला. "एका टेलर मास्तरांनी नेला होता. गरीब होता हो बिचारा." मास्तर की पिल्लू, ते कळलं नाही. पुढच्या रविवारी बेबीताई भिंगरीला घेऊन तिथे गेली. तिसरा मजला, दारावर पाटी नाही, आत शिलाई यंत्राचा खडखडाट. मास्तर सत्तरीचे, गळ्यात टेप, एकटेच राहत होते. त्यांच्या पायाशी हुबेहूब भिंगरी बसली होती. तोच गंजासारखा रंग, तोच ठिपका, तसाच उलटा कान. बेबीताईला एकदम भरून आलं. तिला वाटलं, हे बघ, होतं. पुन्हा होऊ शकतं.

"सरदार, बघ कोण आलंय," मास्तर म्हणाले.

सरदारने तोंड वर केलं आणि तिच्या बाजूला, भिंतीकडे पाहिलं. मग नाक उचललं, हवा हुंगली, आणि शेपटी हलवत बरोबर भिंगरीकडे चालत आला. चालताना त्याचा पंजा आधी अलगद टेकायचा, मग भार यायचा.

"डोळे गेलेत त्याचे," मास्तर सहज म्हणाले, पाऊस थांबलाय म्हणावं तसं. "उजेडात थोडं दिसतं, तिन्हीसांजेला काहीच नाही. मी मूर्ख. वर्षभर मला वाटायचं, हट्टी आहे. जिना उतरायचा नाही, मी ओरडायचो. एकदा तर चापटही मारली." त्यांनी यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "मग कळलं. अजून वाईट वाटतं."

बेबीताई खुर्चीच्या काठावर बसली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की घरभर जमिनीवर कापडाचे तुकडे ठोकलेले आहेत. स्वयंपाकघरापुढे जाड रेघांचं मखमली कापड, न्हाणीपुढे तरटासारखं, दाराबाहेर जिन्याच्या पहिल्या पायरीआधी ताडपत्री. मास्तर म्हणाले, "पायांना कळतं त्याच्या. खुर्ची मी हलवत नाही. गिऱ्हाइकाने हलवली की त्याच जागी परत ठेवतो. आणि मी यंत्रावर असलो की आवाजावरून त्याला कळतं मी कुठंय. उठलो की मी गुणगुणतो. माझा आवाज अगदी भिकार आहे, पण त्याची तक्रार नाही."

भिंगरीने भावाला हुंगलं, त्याच्याभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि पुढचे पाय टेकवून खेळायचं आमंत्रण दिलं. त्याला ते दिसलं नाही. ती थांबली. मग जवळ जाऊन तिने आपली कूस त्याच्या कुशीला घासली, आणि तो एकदम उधळला. त्या एवढ्याशा खोलीत दोघं कापडांच्या वाटांवरून धावली, आणि सरदार एकदाही कशाला धडकला नाही. मास्तर हसता हसता खोकायला लागले. बेबीताईने कशासाठी आले ते भीत भीत सांगितलं. तिला वाटलं, ते रागावतील, म्हणतील, हे बघूनही? पण मास्तर यंत्रावरून पुढे वाकले.

"पिल्लं झाली तर एक मला ठेवाल? याला सोबत होईल."

"पण मास्तर, डोळे... तसंच निघालं तर?"

"मुद्दाम कुणी तसं आणू नये. तुम्ही तपासण्या करताय ते बरोबरच आहे. पण आलं तर काय, सांभाळायचं. घर तयारच आहे की."

"कसं हवं तुम्हाला? नर, मादी? असाच ठिपक्याचा?"

मास्तरांना प्रश्नच समजला नाहीसं दिसलं. "कसंही," ते म्हणाले. "सगळ्यांनी निवडून झाल्यावर जे उरेल ते द्या."

परतताना बसमध्ये ते शब्द तिचा पिच्छा सोडेनात. जे उरेल ते. तिने मनातल्या मनात सातही पिल्लं पायपुसण्यावर ओळीने मांडून पाहिली, आता सुटका नव्हतीच. आणि आपण काय करतोय हे तिला स्पष्ट दिसलं. ती एकेकाचं तोंड वर करून बघत होती. हा काळपट आहे, हा नको. याला ठिपका नाही. हिचा कान सरळ पडतो. लॅबमध्ये फसलेला साचा ती जसा न बघता डब्यात टाकायची तशी ती त्यांना बाजूला सारत होती. सहा जिवंत पिल्लं. आणि ठिपक्याचं ते एक उचलून छातीशी धरल्यावर, त्याने जर भिंगरीसारखी धूम ठोकली नाही तर? ते शांत निघालं, शहाणं निघालं, आज्ञाधारक निघालं तर? त्या बिचाऱ्याने जन्मभर रोज तिच्या नजरेत वाचायचं की आपण ती नाही. पायाशी भिंगरी खेळून दमलेली, तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि समोरच्या सीटवरची बाई कौतुकाने म्हणाली, "किती गोड आहे हो!"

तपासणीचं कळायला काही दिवस गेले. या दिवसांत तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि तिला हे उमगलं होतं की आपण वाईट बातमीची वाट पाहतोय. दोष निघाला तर प्रश्न मिटला, ठरवायला नको. पण डॉक्टरीणबाईंनी बोलावून सांगितलं ते असं निघालं की कुठेच मिटेना. खुबे उत्तम. भिंगरीचे डोळे शाबूत, ती कधीच आंधळी होणार नाही. मात्र भावाचा दोष तिच्या रक्तात लपून आहे. तसाच दोष असलेला नर मिळाला तर काही पिल्लं आंधळी होणार. निर्दोष नर निवडला तर एकही नाही. काहींच्या रक्तात तो पुढे जाईल, म्हणून पिल्लं देताना लोकांना तसं सांगून द्यायचं, एवढंच. "आणि तसा नर माझ्या माहितीत आहे," त्या म्हणाल्या. "स्वभावाने तर सोनं आहे. माणसं चांगली आहेत. तुम्ही म्हणाल तेव्हा भेट घालून देते." भिंगरीने त्यांचा हात चाटला. सगळ्या बाजूंनी वाट मोकळी होती. बेबीताई म्हणाली, "सांगते," आणि बाहेर पडली.

संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि मोरीत उभा राहून हात घासू लागला. लिफ्टचं ग्रीस नखांतून काढायला त्याला बराच वेळ लागायचा. "काय म्हणाली तुझी डॉक्टरीण?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं. आणि तिने तोंड उघडायच्या आत स्वतःच सुरू झाला, "मी कामावर दोघांना कबूल करून बसलोय. दोघेही नीट आहेत, घरी पोरंबाळं आहेत. मास्तरांचं एक. आपलं एक. माझी बहीण तर एकावर थांबणारच नाही. घरांची काळजी तू करू नकोस." त्याच्या आवाजात उत्साह होता. भिंगरीने खाल्लेल्या चपलांच्या नावाने कुरकुरणारा हा माणूस तिच्या नकळत पिल्लांचा आजोबा होऊन बसला होता. तिला त्याची इतकी माया आली की आता बोलू नये असंच वाटलं. सगळं जमून आलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नको करू या," ती म्हणाली.

पाणी वाहत राहिलं. त्याने नळ बंद केला आणि वळला. "का? दोष निघाला?"

"नाही. सगळं चांगलं आहे. नरसुद्धा चांगला आहे."

"मग?"

तिने सांगायला सुरुवात केली आणि ते भलतीकडेच जाऊ लागलं. मास्तरांचं, जमिनीवरच्या कापडांचं, जे उरेल ते या शब्दांचं. तो ऐकत राहिला, ओले हात पुढे धरून, ठिबकत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मध्ये विनोद केला नाही. शेवटी बोलण्यासारखं एकच उरलं.

"मला पिल्लं नकोच होती हो," ती म्हणाली. "मला हीच पुन्हा हवी होती."

दोघांच्या मध्ये भिंगरी बसली होती, याच्या तोंडाकडे बघ, तिच्या तोंडाकडे बघ, असं करत.

"मास्तरांना काय सांगशील?"

"हेच सांगेन. आणि हिला न्यायची त्यांच्याकडे, अधूनमधून. सरदारला आवडते ती." तिने पदराने नाक पुसलं. "उद्या डॉक्टरीणबाईंना फोन करते. ऑपरेशनचं विचारते."

त्याने टॉवेल घेतला, एकेक बोट सावकाश कोरडं केलं. मग खाली वाकून भिंगरीचा उलटा झालेला कान सरळ केला. तिने डोकं झटकून तो पुन्हा उलटा करून घेतला.

"अगं पण," तो म्हणाला, "ही आहे की अजून."

बेबीताईला रडू कोसळलं. तोंड लपवायचं तिला सुचलं नाही, आवाजही आवरला नाही. आई गेल्यावर जसं रडायला हवं होतं तसं, घरभर ऐकू जाईल असं ती रडली, आणि नवरा तिचा खांदा धरून नुसता उभा राहिला. भिंगरीने थोडा वेळ वाट पाहिली. मग उठून ती दाराशी गेली, मान वळवून दोघांकडे पाहिलं आणि एकदाच, खणखणीत भुंकली. तिची फिरायला जायची वेळ टळून चालली होती.